हैबतराव आहेत

मुलांनो, एका जंगलात प्राणी अगदी व्यवस्थित मरत असत.

हसू नका. व्यवस्थित मरणं ही सोपी गोष्ट नाही. म्हातारा प्राणी आपला एखाद्या झाडाखाली जाऊन पडे. घरचे रडत. शेजारपाजारचे येऊन "चांगला होता हो" असं म्हणत, मग तो कसाही का असेना. नंतर गिधाडं येत. संध्याकाळपर्यंत जागा स्वच्छ होई आणि दुसऱ्या दिवशी तिथे गवतात पोरं खेळत.

या गिधाडांची एक रीत होती. आधी सगळी झाडावर बसून राहत. मग त्यांच्यातलं सर्वांत वडीलधारं गिधाड एकटं खाली उतरे, गेलेल्याच्या डोक्याशी मान वाकवून उभं राही आणि विचारी, "आहात का?" थोडं थांबे. पुन्हा विचारी. पुन्हा थांबे. तिसऱ्यांदा विचारी. तिन्ही वेळा उत्तर आलं नाही, तरच पहिली चोच. उत्तर आलं, तर माफी मागून परत झाडावर. मग ते उत्तर कितीही क्षीण असो आणि पोटात कितीही आग पडलेली असो.

गिधाडांना अक्कल फार असते असं माझं म्हणणं नाही. पण जिवंत कोण आणि मेलेला कोण, यात त्यांच्या खानदानात कुणी कधी गल्लत केली नव्हती.

त्या काळी वडीलधारी होती यमूमावशी. सगळं जंगल तिला मावशीच म्हणे. ती दिसायला कशी होती हे मी सांगणार नाही. गिधाडाच्या रूपाची चर्चा सभ्य लोक करत नाहीत. ओढ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडाच्या शेंड्यावर तिचं घरटं होतं. नवरा नुकताच गेला होता. मागे एक पिल्लू ठेवून गेला होता, उशिरा झालेलं, अजून उडता न येणारं. मावशी खाऊन येई आणि पोटातलं काढून त्याला भरवी. शी शी करू नका. तुमची आई तुम्हाला भरवायची, तेव्हा तुम्हीही फार देखणे दिसत नव्हता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना जंगलात विचार आला.

तो आणला एका साळिंदराने. जंगलाच्या कडेला एक आश्रम होता. आश्रमाच्या मागे रताळ्यांचा वाफा होता आणि प्रवचनाच्या ओट्याखाली या साळिंदराचं बीळ होतं. वर पंडित बोलत, खाली साळिंदर ऐके. आता पंडितांची पद्धत अशी, की आधी प्रतिपक्षाचं म्हणणं मांडायचं, अगदी खरं वाटेल असं मांडायचं, आणि मग उत्तरार्धात ते खोडून काढायचं. पण मध्येच सगळे ताक प्यायला उठले, की साळिंदर रताळ्यांकडे जाई. तो पोट भरून परत येईतो प्रवचन संपलेलं असे. अशा रीतीने बऱ्याच पंडितांचं अर्धं अर्धं ज्ञान घेऊन तो जंगलात परतला आणि जंगल त्याला शास्त्रीबुवा म्हणू लागलं.

साळिंदर दिवसा बाहेर पडत नाही, असं तुमच्या पुस्तकात असेल. विचारवंत झालेलं पडतं. अंगभर काटे असल्यामुळे त्याच्या मुद्द्याच्या फार जवळ कुणी जात नसे, आणि म्हणून त्याचा मुद्दा नेहमी बिनतोड ठरे. पण बुवा वाईट नव्हते हं. मनाने फार मऊ होते. सगळा घोटाळा तिथेच झाला.

त्याच सुमाराला हैबतराव गवा गेले. हैबतराव म्हणजे पाणवठ्याचे पंच आणि सभेचे अध्यक्ष. कुणी आधी पाणी प्यायचं, कुणी कुणाच्या कुरणात तोंड घालायचं नाही, असली भांडणं ते मिटवत. एका सकाळी पाणवठ्याजवळच्या मोहाच्या झाडाखाली बसले, ते उठलेच नाहीत. त्यांच्या बायकोने, सगुणाबाईने, असा हंबरडा फोडला की पलीकडच्या टेकडीवरचे मोर गप्प झाले.

शास्त्रीबुवा सांत्वनाला आले.

"बुवा," सगुणाबाई म्हणाली, "हे मला सोडून कुठे गेले हो?"

बुवांना तिचं रडणं बघवेना. त्यांचे काटे थरथरायला लागले. काहीतरी बोलून हिला धीर द्यावा म्हणून ते आठवू लागले, आणि त्यांना एका प्रवचनाचा पूर्वार्ध आठवला.

"वहिनी, कुठे जाणार? जे असतं ते नाहीसं होत नाही. हैबतराव होते ना?"

"होते."

"मग आहेत."

सगुणाबाईने हुंदका गिळला. तिला जरा बरं वाटलं. तिला बरं वाटलेलं बघून बुवांनाही बरं वाटलं. मुलांनो, झालं ते एवढंच. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. बरेचसे सिद्धान्त असेच कुणाला तरी बरं वाटावं म्हणून जन्माला येतात. पुढे त्यांची संगत बिघडते.

दुपारी यमूमावशी खाली उतरली. तिचे भाऊबंद वर फांद्यांवर बसून होते. मावशीने मान वाकवली.

"हैबतराव, आहात का?"

"आहेत," शास्त्रीबुवा म्हणाले.

मावशी दचकली. असं परस्पर उत्तर तिने कधी ऐकलं नव्हतं.

"बुवा, मी त्यांना विचारतेय."

"आणि मी त्यांच्या वतीने सांगतोय. उत्तर कुणी द्यायचं, असं तुमच्या रीतीत काही आहे का?"

मावशीने आठवून पाहिलं. तसं काही नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती.

"पण बुवा, ते हलत नाहीत."

"तो डोंगर हलतो का? मग डोंगर नाही म्हणायचा?"

"श्वास चालत नाही हो त्यांचा."

"झोपेत तुमचा श्वास चालतो, तो तुम्हाला दिसतो का? मग कशावरून चालतो?"

मावशी वळली. तिने सगुणाबाईकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही घरच्या. तुम्ही सांगा."

सगुणाबाई जमिनीकडे बघत होती. "बुवा एवढे शिकलेले," ती पुटपुटली. "ते म्हणतात तर असतील."

झालं. घरच्यांनीच असं म्हटल्यावर चोच कशी लावणार? मावशीने माफी मागितली आणि रिकाम्या पोटी अर्जुनावर जाऊन बसली. पिल्लाने चोच वासली. तिने त्याच्या डोक्यावरून मान फिरवली आणि म्हणाली, "उद्या हं."

उद्या उजाडला आणि सभा भरली. सभेचा चिटणीस होता मुंगूस. हैबतरावांनी उभ्या हयातीत त्याचा एकही ठराव पुरा वाचू दिला नव्हता. पहिल्याच ओळीला ते म्हणत, "पुरे, बस खाली." त्या दिवशी मुंगसाने मोहाखाली हैबतरावांच्या मानेला दगडाचा टेकू लावला, त्यांचं तोंड सभेकडे केलं आणि पहिला ठराव वाचला: पाणवठ्याची सावलीची बाजू यापुढे चिटणिसाच्या कुटुंबाकडे राहील. मग तो अदबीने वळला.

"अध्यक्षांची काही हरकत?"

अध्यक्ष काही बोलले नाहीत.

"मौन म्हणजे संमती. ठराव मंजूर."

त्या दिवसापासून शास्त्रीबुवांचा मुंगसाइतका कट्टर शिष्य दुसरा नाही.

बाकीच्यांनाही हा विचार हळूहळू पटत गेला. ज्याच्या त्याच्या सोयीने पटला. बिबट्याला तर तो ऐकताक्षणी पटला. त्याच्यावर पूर्वीपासून बरेच आरोप होते, ते सगळे एका दुपारीत निकालात निघाले. कुणी मेलंच नाही म्हटल्यावर मारलं कुणी? चितळांनाही पटला, कारण त्यांना रोज भ्यायचा कंटाळा आला होता. माकडांना पटला, कारण माकडांना सगळंच पटतं. एक तरुण भेकर तर भर सभेत उसळून म्हणालं, "जिवंत आणि मेलेले हा भेद केला कुणी? जिवंतांनी! मेलेल्यांना कधी विचारलं होतं? हा अन्याय आहे, अन्याय!" तरुणांनी खूर आपटले. म्हाताऱ्यांनाही बरं वाटलं, कारण त्यांना आपला पुढचा काळ दिसत होता.

मग शब्द बदलले. विचार बदलला की आधी शब्द बदलावे लागतात, नाहीतर तो अंगाला टोचत राहतो. 'मेला' हा शब्द बंद झाला. 'स्थिर झाला' म्हणायचं. "आमचे काका परवा स्थिर झाले," असं लोक सांगत आणि ऐकणारे अभिनंदन करत. हैबतरावांच्या बाजूने येणाऱ्या वासाला वास म्हणायचं नाही, उपस्थिती म्हणायचं. "आज अध्यक्षांची उपस्थिती जरा जास्तच जाणवतेय," असं म्हणत सभासद रानतुळशीची जुडी नाकाशी धरून बसत. मागच्या रांगेतल्यांनी आताच नाक दाबू नये. पुढे अजून आहे.

आणि रडणं बंद झालं. त्याचा वेगळा ठरावच झाला. रडणं म्हणजे कुणीतरी गेलं असं सुचवणं, म्हणजेच अफवा पसरवणं. अध्यक्षांनी या ठरावालाही विरोध केला नाही.

गिधाडांचं काय झालं? मावशीचे भाऊबंद थोडे दिवस वाट बघून पलीकडच्या जंगलात निघून गेले. तिकडे अजून जुन्या पद्धतीने मरत. "चल मावशी," ते म्हणाले. पण पिल्लाला उडता येत नव्हतं. मावशी एकटी मागे राहिली.

ती ओढ्याच्या काठाने फिरून मेलेले मासे गोळा करी. मासे सभेचे सभासद नव्हते, त्यामुळे त्यांना मरायची मुभा होती. पण माशांवर गिधाडाचं पोर वाढत नाही. पिल्लू दिवसेंदिवस हलकं होत चाललं. आधी ते भुकेने ओरडायचं, मग नुसतंच चोच वासायचं, मग मावशी आली तरी मान उचलायला त्याला वेळ लागायला लागला. 

ती बुवांकडे गेली.

"बुवा, पिल्लू उपाशी आहे हो."

"मावशी, उपाशी नेमकं कोण आहे?" बुवांनी प्रेमाने विचारलं. "चोच म्हणजे पिल्लू का?"

"नाही."

"पंख म्हणजे पिल्लू?"

"नाही."

"पोट म्हणजे पिल्लू?"

"सगळं मिळून पिल्लू, बुवा. आणि ते सगळं मिळून उपाशी आहे."

बुवांचे काटे आनंदाने ताठ झाले. "वा! हा मुद्दा मी ऐकलाय, मावशी. याला फार सुंदर उत्तर आहे. थांबा हं." ते थांबले. डोळे मिटून बसले. बराच वेळ गेला. त्यांना काही आठवेना. कुठून आठवणार? ते उत्तर ताकानंतरचं होतं.

शेवटी ते ओशाळून बिळात गेले आणि एक रताळं घेऊन आले. आपल्या साठ्यातलं शेवटचं. "एवढं न्या त्याच्यासाठी," म्हणाले.

गिधाडं रताळं खात नाहीत. पण मावशीला नाही म्हणवेना. तिने ते चोचीत धरलं आणि निघाली. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं ती वाटेत मनाशी म्हणाली, पण बुवांचा राग तिला आला नाही.

इकडे पाणवठ्याच्या पाण्यालाही हैबतरावांची उपस्थिती लागली. ते पिऊन आधी चितळांची पाडसं आजारी पडली. मग सशांची पिल्लं. मग एक म्हातारं सांबर. एकेक करून सगळे स्थिर होऊ लागले. जे जे स्थिर होत, त्यांना ओढत आणून सभेत रांगेने बसवत. थोड्याच दिवसांत सभेत स्थिर सभासदांचं बहुमत झालं. त्यांच्याइतके शिस्तीचे सभासद जंगलाने पाहिले नव्हते. कुणी जांभई देत नसे, कुणी मध्ये उठून जात नसे, कुणी उलटा प्रश्न विचारत नसे. मुंगसाचे ठराव धडाधड मंजूर होऊ लागले.

आपल्या जंगलात आता कुणीही मरत नाही, ही बातमी लांबवर गेली. पलीकडच्या जंगलातल्या नीलगायींनी निरोप पाठवला: आम्हाला आपल्या प्रगतीचा अभ्यास करायचा आहे, शिष्टमंडळ पाठवतो. मुंगसाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

शिष्टमंडळ यायच्या आदल्या दुपारी यमूमावशी मोहाखाली आली. ऊन रणरणत होतं, सभा उठली होती. सगुणाबाई तेवढी नवऱ्याजवळ बसून शेपटीने माशा हाकलत होती. तिला तिथेच बसावं लागे. अध्यक्षांच्या शेजारी अध्यक्षीणबाई असल्या की बरं दिसतं, असं मुंगसाचं म्हणणं होतं. ती निम्मी झाली होती.

मावशी जरा अंतर ठेवून बसली. 

"पिल्लू कसं आहे?" सगुणाबाईने विचारलं.

"आज मान उचलली नाही त्याने."

सगुणाबाईची शेपटी थांबली. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्या दिवशी बुवा बोलले, मला बरं वाटलं, मी हो म्हटलं. वाटलं, एक दिवसाचंच बरं वाटणं आहे, घ्यावं. आता सगळं जंगल म्हणतंय आहेत. आता मी 'ते गेले' म्हटलं, तर मीच मारल्यासारखं नाही का व्हायचं?"

मावशी सरकून तिच्या जरा जवळ बसली.

"तुमचे मालक गेले, तेव्हा तुम्हीच विचारलंत का हो?"

"मीच. वडीलधारी मीच ना."

"तीनदा?"

"तीनदा विचारलं. उत्तर आलं नाही. मग चौथ्यांदा विचारलं." मावशीने मान दुसरीकडे फिरवली. "चौथ्यांदा विचारायची रीत नाही. वरून भाऊबंद बघत होते. पण विचारलं. तेव्हाही आलं नाही. मग मी बाजूला गेले आणि पोटभर रडले. बाकीच्यांनी त्यांचं काम केलं. मी पाठ करून बसले होते."

"आणि मग?"

"मग काय. संध्याकाळी घरट्यात गेले. रिकामं होतं. पण ते रिकामं आहे हे मला माहीत होतं, सगुणावहिनी. तुमचं मोहाचं झाड भरलेलंही नाही आणि रिकामंही नाही. तुम्ही इथे राहता कशा, हेच मला कळत नाही."

सगुणाबाई पुन्हा माशा हाकलू लागली.

दुसऱ्या दिवशी शिष्टमंडळ आलं. नीलगायींनी रांगेतल्या स्थिर सभासदांना मान लववून नमस्कार केला. "आमच्याकडे अजून मरतात हो," त्यांच्यातली एक खजील होऊन म्हणाली. "आम्ही फार मागासलेले आहोत." मुंगसाने त्यांना धीर दिला. प्रत्येकीला रानतुळशीची जुडी दिली. शास्त्रीबुवांना मधोमध बसवलं. मग त्याने घसा साफ करून शून्य मृत्यूंचा अहवाल वाचायला घेतला.

तेवढ्यात यमूमावशी उतरली.

ती उडत आली नाही, पडतच आली म्हणा. स्वतःच्या तोंडचं पिल्लाला घालून घालून तिच्या पंखांत जोर उरला नव्हता. ती धडपडत हैबतरावांच्या डोक्याशी गेली आणि पिसं सावरून तिने मान वाकवली. सभा कुजबुजायला लागली. "असभ्य बाई," मुंगूस दात खात म्हणाला. "पाहुण्यांसमोर!"

"हैबतराव, आहात का?" मावशीने विचारलं.

"आहेत!" सभा एका आवाजात ओरडली.

मावशी थांबली. रीत होती तेवढी थांबली.

"हैबतराव, आहात का?"

"आहेत!" आता नीलगायीही ओरडल्या. त्यांना फार छान वाटलं.

तिसऱ्यांदा विचारताना मावशीचा आवाज चिरकला. तिसऱ्यांदाही तेच उत्तर आलं, आणखी मोठ्याने. मुंगूस हसत होता.

आता रीत म्हणजे रीत. जे हैबतराव तीनदा 'आहेत', त्यांना चोच लावायची नाही. मावशीने माफी मागितली. वर अर्जुनाकडे पाहिलं. तिथून काही आवाज येत नव्हता. ती वळली आणि पाय ओढत निघाली. मुलांनो, ती तेव्हा फसवून एक घास घेऊ शकली असती. कुणी अडवण्याआधी घेऊ शकली असती. तिला ते सुचलं नाही. काही लोकांना काही गोष्टी सुचतच नाहीत, आणि त्याची किंमत त्यांच्या पोरांनी भरायची असते. मला तिचा त्या क्षणी राग येतो, दर वेळी ही गोष्ट सांगताना येतो.

तेवढ्यात सगुणाबाई उठली.

 अध्यक्षीणबाई सभेत कधी उठत नसत. ती नवऱ्याच्या जवळ गेली, अगदी जवळ, जिथे जुड्या नाकाशी धरूनही कुणी जात नव्हतं. तिने आपलं तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"अहो," ती म्हणाली. "आहात का?"

सभा 'आहेत' म्हणायला तोंड उघडून बसली होती. पण कुणाच्याही तोंडून शब्द फुटेना. बायको नवऱ्याला विचारत होती. मध्ये कोण बोलणार? शास्त्रीबुवांनी सगळे पूर्वार्ध आठवून पाहिले. या प्रश्नाला त्यांतलं एकही उत्तर लागू पडत नव्हतं.

सगुणाबाई वाट बघत उभी राहिली. माशा घोंगावत होत्या. मोहाचं एक पान पडलं.

मग ती रडली. पहिल्या दिवशी गिळलेला हुंदका हंबरडा होऊन तिच्या छातीतून वर आला आणि त्याने सारा पाणवठा हादरला. "गेले हो!" ती ओरडली. "माझे मालक गेले!"

मुंगूस "अफवा! अफवा!" म्हणून ओरडला. पण तोवर चितळांच्या रांगेत एक आई उठली होती. ती आपल्या स्थिर पाडसाजवळ गेली, त्याला तिने हुंगलं आणि तिचाही बांध फुटला. मग सशीण. मग सांबराच्या लेकी. मग अन्यायवालं ते भेकरसुद्धा, त्याची आजी होती त्या रांगेत. नीलगायी परक्या, पण त्यांच्याकडे अजून मरत असल्यामुळे त्यांना रडण्याचा सराव होता. त्यांनी चांगली साथ दिली. सगळं जंगल दुपारभर रडलं. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं.

सगुणाबाईने डोळे न पुसताच मावशीकडे पाहिलं. "ताई," ती म्हणाली, "तुमचं काम करा. मी पाठ करून बसते."

आणि ती पाठ करून बसली. मावशीने मान वाकवून आधी तिला नमस्कार केला.

दिवस कलताना मावशी पोट भरून अर्जुनावर गेली. पिल्लाची मान घरट्याच्या काठावर पडलेली होती. मावशीने तिला चोच लावली. पिल्लाने एक डोळा उघडला. मग चोच उघडली. हळूहळू, घास घास करत ते जेवलं. घाबरू नका, ते जगलं. रडण्याचा आवाज ऐकून पलीकडे गेलेले भाऊबंदही परत आले. एक एक सभासद तीनदा विचारून रीतसर मोकळा झाला, आणि पुढच्या पावसात पाणवठ्याचं पाणी पुन्हा पिण्याजोगं झालं.

मुंगसाचं मात्र फार नुकसान झालं. मेलेल्या अध्यक्षांनी मंजूर केलेले सगळे ठराव रद्द झाले. पाणवठ्याची सावलीची बाजू पुन्हा सगळ्यांची झाली. तो तोंड पाडून शास्त्रीबुवांकडे गेला. तिथे सगुणाबाई बसली होती आणि अधूनमधून तिचे डोळे भरून येत होते. बुवांना तिचं रडणं अजूनही बघवत नव्हतं. त्यांचे काटे थरथरत होते. तिला धीर देण्यासाठी ते पुन्हा काहीतरी आठवत होते.

"वहिनी," ते एकदम म्हणाले, "हैबतराव गेले म्हणून तुम्ही रडता. पण मुळात ते होते, हे तरी कशावरून?"

सगुणाबाई उठून चालती झाली.

मुंगूस मात्र जागच्या जागी उभा राहिला. हैबतराव जर कधी नव्हतेच, तर त्यांनी आयुष्यभर दिलेले निवाडेही नव्हते. सावलीची बाजू सगळ्यांची, हाही निवाडा नव्हता. त्याने बुवांचे पाय धरले, काटे टोचले तरी सोडले नाहीत.

"बुवा," तो गहिवरून म्हणाला, "उद्याच्या सभेत एवढं सविस्तर सांगाल का?"

तात्पर्य: चारचौघांत रडू नये. एका बाईच्या रडण्यापायी उत्तम चाललेल्या जंगलाचा अध्यक्ष गेला, शून्यावर आलेले मृत्यू पुन्हा सुरू झाले आणि ज्यांना कधी मरायचंच नव्हतं, अशी कितीतरी शिस्तीची मंडळी एका दुपारीत मेली.